सेकंडहँड फॉर्च्युनर फोर बाय फोर आणि सोलापूरची काळी माती : साडेतीन वर्षांनंतर

आधी एक क्लिअर करतो, मी कुठल्याच पक्षात नाही. पांढरी फॉर्च्युनर घेतल्यापासून हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी बोलावं लागतंय. पंपावरचं पोरगं विचारतंय "दादा, कुणाकडं असता?", लग्नात ओळख ना पाळख पण हाताला धरून पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवतात, आणि गल्लीतलं मंडळ मी स्विफ्ट चालवायचो तेव्हा ५०१ ची पावती फाडायचं, ते आता ५००१ लिहूनच दारात येतंय. गाडीचा खर्च काढताना ही वर्गणी पण धरा, कारण ती दरवर्षी आहे आणि टायर तरी तीन-चार वर्षं जातात.

गाडी २०१८ ची, २.८ डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. जुलै २०२२ ला पुण्यातल्या एका बिल्डरकडून साडेसत्तावीस लाखाला घेतली तेव्हा ७८ हजार किलोमीटर झाली होती, आज १ लाख ४६ हजार. घर जुळे सोलापुरात, रान मंगळवेढ्याच्या पुढं, आठवड्यातनं दोन-तीन चकरा ठरलेल्या. बेगमपूरचा पूल ओलांडून मंगळवेढ्यापर्यंत रस्ता आता मस्त झालाय, प्रॉब्लेम शेवटच्या चार किलोमीटरचा आहे, ती पाणंद. अण्णांचे गुडघे गेलेत, त्यांना मोटरसायकलवर त्या पाणंदीतनं न्यायचं म्हणजे परत येताना डॉक्टरकडंच, म्हणून मोठी गाडी घ्यायचं ठरलं. शौक पण होता, खोटं कशाला बोलू.

नवीन का नाही घेतली तर पैसे नव्हते, सरळ उत्तर. पण २०१८ चंच मॉडेल शोधायचं दुसरं कारण म्हणजे ती बीएस४ (जुन्या प्रदूषण नियमांची) आहे, डीपीएफ नाही. बीएस६ पासून धुराचं काजळ अडवायचा जो फिल्टर आला तो साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेला सलग पळवावी लागते, आणि आमची गाडी एक आठवडा हायवे तर पुढचा आठवडा नुसती घर ते सात रस्ता. २०२१ च्या फेसलिफ्टला ऑटोमॅटिकमध्ये २०४ पीएस आणि ५०० एनएम टॉर्क आहे, माझीला १७७ आणि ४५०. दोस्त लोक हा फरक लय मोठा करून सांगतात. दोन टनाच्या वर वजनाची गाडी घेऊन मला रेस लावायची नाही, चढाला डाळिंबाचे क्रेट भरलेली असताना पण ती दमली असं अजून तरी वाटलं नाही.

सेकंडहँड फोर बाय फोर बघायला जाणार असाल तर एक ऐका. मायलेज, पेंट, अपघात हे सगळे बघतातच, पण टू व्हील-फोर व्हील बदलायचा तो डायल फिरवून बघा. बिल्डरसाहेबांनी चार वर्षांत तो एकदाही फिरवला नव्हता, मला म्हणाले "ते कशाला असतं तेच माहीत नाही". ४एच ला (फोर व्हील, नेहमीच्या स्पीडचं) टाकली तर लाइट नुसता लुकलुकत राहिला, लागलीच नाही. थांबवून न्यूट्रलला घेऊन ४एल (फोर व्हील, हळू पण जास्त ताकदीचं) ट्राय केलं, चार-पाच वेळा मागंपुढं केली तेव्हा कुठं खट्कन बसलं. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की महिन्याला किमान १६ किलोमीटर गाडी फोर व्हीलवर चालवा, म्हणजे पुढच्या पार्ट्सना तेल पोचतं, पण मॅन्युअल वाचतंय कोण, ते प्लास्टिकमध्ये पॅकच होतं. मी त्यावरनं चाळीस हजार कमी करून घेतले आणि नंतर आमच्या मिस्त्रीकडनं पुढच्या बाजूचं साफसूफ आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदलून घेतलं, तेव्हापासून मक्खन आहे. मी ते १६ किलोमीटर पाणंदीतच मोजतो, डांबरीवर नाही. ही पार्ट टाइम सिस्टीम आहे, पुढची आणि मागची चाकं एकाच वेगानं बांधली जातात, कोरड्या डांबरावर वळताना ती एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण आतल्या गिअरवर जातो. पाऊस पडला म्हणून कोरड्या पडलेल्या हायवेला पण ४एच ठेवून पुण्यापर्यंत जाणारे मी बघितलेत.

आता मेन विषय, माती. यूट्यूबवर वाळवंट, बर्फ, लडाख सगळं आहे, पण मंगळवेढ्याची काळी माती कुणी दाखवत नाही. ही ज्वारीची माती, पाणी धरून ठेवते म्हणून एका पावसाच्या ओलीवर मालदांडी येते, आणि तोच गुण गाडीच्या मुळावर येतो. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला मोठा पाऊस झाला की तीच माती लोण्यासारखी होते. तिला वाळूसारखी पकड नाही, मुरमासारखा तळ नाही, ती टायरला चिकटते, पट्ट्यांमधल्या खाचा बुजवते, आणि दोन मिनिटात चारही टायर भोपळ्यासारखे गुळगुळीत. मग गाडीत कितीही टेक्नॉलॉजी असू दे. त्या ए-टीआरसीचं, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलचं, काम काय, तर जे चाक फिरतंय त्याला ब्रेक लावायचा आणि ज्याला पकड आहे तिकडं ताकद पाठवायची. पण चारही चाकं फिरत असतील तर ती पाठवणार कुठं?

हे मी अनुभवावरनं बोलतोय. घेतल्यावर पंधरा दिवसांतच, नवा जोश, रात्रभर पाऊस झालेला, अण्णा म्हणाले "वाफसा येऊ दे, मग जा", म्हणजे माती जरा सुकू दे. मी म्हणलं अण्णा फोर बाय फोर आहे ही, ट्रॅक्टर नाही लागत आता. पाणंदीत शंभर मीटर गेली ४एच वर, नंतर मागचा भाग स्वतःच्या मर्जीनं चालायला लागला, मग ४एल टाकलं, मग मी घाबरून एक्सलेटर दाबला (सगळ्यात मोठी चूक), आणि गाडी आडवी होऊन ओढ्याच्या बाजूला उतरली. उतरून बघतो तर मधला गोळा, म्हणजे मागच्या अॅक्सलचं डिफरन्शियल, मातीवर टेकलेलं आणि चाकं हवेत असल्यासारखी गरगर. शेजारच्या वस्तीवरचा पस्तीस एचपीचा जुना ट्रॅक्टर आला, साखळी लावली, आणि सत्तावीस लाखाची गाडी म्हशीसारखी दाव्याला बांधून बाहेर काढली. अण्णांनी काही म्हणलं नाही. संध्याकाळी जेवताना फक्त म्हणाले, "माती ओळखायला डायल नसतोय."

दुसऱ्या दिवशी होटगी रोडनं जाताना ऐंशीच्या वर स्टेअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं काहीतरी वाकलं. एका टायरच्या दुकानात गेलो, अलाइनमेंट केलं, बॅलन्सिंग केलं, वजनं चिकटवली, अठराशे रुपये. थरथर तशीच. परत गेलो तर म्हणले टायरच बदला. मग अक्कलकोट रोडला आमचे जुने मिस्त्री आहेत, त्यांच्या शेडवर गेलो. घरी तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि गाडीशी कन्नड, असं आम्ही म्हणतो. त्यांनी मशीनला हातच लावला नाही, खाली वाकून रिमच्या आतल्या बाजूला हात घातला आणि हे एवढं वाळलेलं ढेकूळ काढून माझ्या हातात दिलं. चारही चाकांत होती. "मालक, ही जमीन तुमचीच हाय, रानात नेऊन टाका." बिल शून्य. त्या दिवसापासून गाडी त्यांच्याकडंच.

म्हणजे इथं पहिला अपग्रेड कुठला, तर टायर. बाकी सगळं नंतर, आणि बऱ्यापैकी काही न करता पण चालतं. कंपनीचे टायर हायवेवाले होते, साइज २६५/६० आर १८. त्याच साइजमध्ये योकोहामाचे जिओलँडर एटी (ऑल टेरेन, रस्ता आणि रान दोन्हीचे) टाकले, चार टायरना फिटिंगसकट बहात्तर हजार गेले २०२२ च्या दिवाळीत. मोठी साइज टाकायचा मोह होता पण साइज वाढली की स्पीडोमीटर चुकतं, मायलेज पडतं, इन्शुरन्सवाला प्रश्न विचारतो. एटी टायरनं काय फरक पडला? काळ्या राड्यात ती आता शंभर मीटरऐवजी चारशे मीटर जाते, आणि मुख्य म्हणजे खाचा मोठ्या असल्यानं थोडा स्पीड मिळाला की चिखल बाहेर फेकते, स्वतःला साफ करते. पण पूर्ण वाफसा नसताना मधोमध रानात घालणार असाल तर एटीचा बाप आणला तरी ट्रॅक्टरचा नंबर सेव्ह ठेवा. खडी, मुरूम, नांगरटीची कोरडी ढेकळं, ओढ्याची वाळू, इथं मात्र जबरदस्त. वाळूत उतरायच्या आधी हवा १८-२० पीएसआयवर आणतो, टायर पसरतो आणि गाडी वर तरंगल्यासारखी जाते, परत डांबरीवर येताना सिगारेट लायटरवाल्या पंपानं भरायची, चार टायरना अर्धा तास, तेवढ्यात चहा होतो. हायवेला आवाज वाढलाय, एसी बंद केला की घूं ऐकू येतंय, आणि मायलेज पाऊण-एक किलोमीटरनं कमी झालं. सध्या गावात साडेनऊ, पुणे हायवेला बारा-साडेबारा. टाकी ८० लिटरची आहे त्यामुळं फुल केली की पुण्याला जाऊन येऊन उरतं, पण फुल करतानाचा आकडा बघू नका.

सर्व्हिसचं सांगतो. इंजिन ऑइल साडेसात लिटर लागतं, छोट्या गाडीच्या दुप्पट, त्यामुळं बिल बघून दचकायचं नाही. टायमिंगला चेन आहे, जुन्या ३.० फॉर्च्युनरसारखा बेल्ट नाही, तो एक खर्च वाचतो. दर दहा हजाराला ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर मी त्याच्या आधीच उघडून बघतो कारण मे महिन्यात आपल्याकडची धूळ म्हणजे पीठ असतंय. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं शिकून घ्या, खालचा स्क्रू ढिला करायचा बस. एकदा माझा तो फिल्टरमधल्या पाण्याचा लाइट लागला, चूक माझीच, वस्तीवर ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल ओतलं होतं आणि कॅन रात्रभर पावसात उघडा.

आणि ग्रीसिंग. प्रॉपेलर शाफ्टला (चाकांकडं ताकद नेणारा खालचा दांडा) ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं असतात, मातीत चालणाऱ्या गाडीला हे ग्रीस म्हणजे भाकरी. मध्ये एकदा मिस्त्री गावाला गेलेले म्हणून एका चकाचक वर्कशॉपमध्ये दिली (नाव नको), एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, गाडीचे फोटो व्हॉट्सअॅपवर. बिलात "प्रॉपेलर शाफ्ट ग्रीसिंग" वेगळे पैसे लावलेले. घरी येऊन खाली झोपून टॉर्च मारला तर निपलवर माझ्या रानातली माती जशीच्या तशी टोपीसारखी बसलेली, वाळून टणक. ग्रीस गन लागली असती तर ती टोपी निघाली नसती का? फोटो पाठवला, उत्तर आलं "सर आतून केलंय". आतून कसं करतात ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून बिल वाचण्याआधी निपल बघतो.

धुणं हा वेगळाच विषय. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यात दारात पाइप लावून ही गाडी धुवायला लागलो तर कॉलनी वाळीत टाकेल. म्हणून रॅम्पवाल्या वॉशिंग सेंटरला, बोअरचं पाणी. त्याला सांगायचं, वरनं नाही धुतली तरी चालेल, खालनं अर्धा तास मार. चेसिसच्या खोबणीत, मडगार्डच्या आत, रिममध्ये. काळी माती वाळली की ओल धरून बसते आणि गंज तिथनं सुरू होतो. फक्त रेडिएटरवर जवळनं प्रेशर मारू देऊ नका, जाळीचे पत्रे वाकतात, तिथं हवेनं आतून बाहेर फुंकायचं. ४२-४३ डिग्रीत एसी आणि इंजिन दोन्ही त्या जाळीवर चालतंय.

आता अॅक्सेसरीज, जिथं लोक येडे होतात आणि मी पण झालो. लाइट बार लावला, दुकानदारानं वायर सरळ हेडलाइटच्या वायरिंगला जोडली, रिले नाही फ्यूज नाही, आठवड्यात जळकट वास. काढून टाकला, तीन हजार पाण्यात. गाडी उंच करायच्या लिफ्ट किटचं कोटेशन काढलं, दीड लाखाच्या वर, मग मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "गोळा वर जाईल का मालक?" नाही जाणार. मागचा अॅक्सल सॉलिड आहे, स्प्रिंग उंच केले तर बॉडी वर जाते, गोळा टायरच्या उंचीवरच राहतो, आणि आमचं अडकतंय ते गोळ्यावरच. वर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा अँगल वाढून जॉइंट लवकर जातात ते वेगळं. कॅन्सल. बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) तर नकोच, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, आणि एअरबॅगच्या सेन्सरचा टायमिंग बिघडतो.

कामाची निघाली ती स्किड प्लेट. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडनं चार एमएमची लोखंडी बनवून घेतली इंजिनखाली, दगडाला घासली तरी चिंता नाही. फक्त ऑइल काढायचं भोक ठेवायला मी सांगायचं विसरलो. पहिल्या सर्व्हिसला अख्खी प्लेट उतरवायला लागली, दोन माणसं, मिस्त्री माझ्याकडं बघतायत, मी आभाळाकडं. नंतर गॅस कटरनं भोक पाडलं.

दुकानदार स्नॉर्कल पण लावत होता, म्हणजे खोल पाण्यात इंजिनला वरनं हवा देणारं नळकांडं. मी म्हणलं भावा, चार-चार दिवस नळाची वाट बघणाऱ्या माणसाला स्नॉर्कल विकतोस होय? सगळे हसले. मग २०२५ चा सप्टेंबर आला. सीनेला असा पूर आला की माढा, मोहोळकडची नदीकाठची गावं पाण्यात, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद करायला लागला. मावशीचं गाव सीनेकाठचं. सकाळपासून फोन, "तुझी मोठी गाडी आहे, घेऊन ये." गेलो, गावाच्या अलीकडं रस्त्यावर पाणी, लांबनं मांडीएवढं वाटत होतं. कंपनी सांगते ७०० मिलिमीटर पाण्यातनं गाडी जाते, पण ते साचलेल्या पाण्याचं. हे वाहत होतं, आडवं, आणि रस्ता कुठं संपतो ते दिसत नव्हतं. तिथं जमलेली दोन-चार पोरं "टाका साहेब, फॉर्च्युनर आहे" म्हणून ओरडत होती. दोन टनाची गाडी पण पाण्यात एकदा उचलली गेली की ती गाडी राहत नाही, डबा होतो. मी रिव्हर्स घेतली. मावशी आणि दोन शेरडं शेवटी गावच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं दुसऱ्या वाटेनं बाहेर आली, मी तिथनं त्यांना घरी आणलं, शेरडं मागच्या सीटवर. तो वास दिवाळीपर्यंत होता. स्नॉर्कल असतं तर मी टाकली असती का याचा विचार मी अजून करतो, आणि नाही लावलं ते बरं झालं असं वाटतं.

रोजच्या वापराचं थोडक्यात. मागच्या सीटवर खराब रस्त्याला हादरे बसतात, चेसिसवाली गाडी आहे, इनोव्हासारखा झोका नाही, आई अजून म्हणते "जुनी स्विफ्टच बरी होती". एटी टाकल्यावर आणि मागचे शॉकअप १ लाख १० हजार किलोमीटरला बदलल्यावर बराच फरक पडला. रुंदी १८५५ मिलिमीटर, त्यामुळं मधल्या मारुतीकडं, नव्या पेठेत नेऊच नका, गड्डा यात्रेच्या दिवसांत तर नाहीच. मी अॅक्टिव्हानं जातो. गाडी घेऊन एकदा चाटी गल्लीच्या तोंडाशी अडकलो होतो, त्यापेक्षा पाणंद बरी.

सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांचा टॅक्स ५० टक्क्यांवरनं ४० वर आला, नव्या फॉर्च्युनर साडेतीन लाखापर्यंत उतरल्या, त्यामुळं जुन्यांचे भाव पण जरा बसलेत, बघणाऱ्यांनी घासाघीस करायला हरकत नाही. माझीला मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आपणहून आलं, पांढरी आहे म्हणूनच. मी हौसेनं डायल फिरवून दाखवला, ४एल लावलं, खाली झोपून निपल दाखवले, रिममधली माती पण साफ आहे हे दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढं सायरन बसतंय का?"

देणार नाही म्हणून सांगितलं. टायरला अजून एक पावसाळा आहे.